नाट्यगृह, उपाहारगृह आणि कलम १५(२)

मुंबईच्या नरिमन पॉइंटला, समुद्र बुजवून काढलेल्या जमिनीवर, एनसीपीए हे कलाकेंद्र उभे आहे. १९६० च्या दशकात टाटांच्या पुढाकाराने ही संस्था निघाली आणि तिचे टाटा थिएटर १९८० साली सुरू झाले. इथे नाटक होते, मैफल होते, सिनेमा दाखवला जातो. अलीकडच्या वर्षांत त्यात आणखी एक भर पडली आहे. लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये प्रेक्षकांसमोर चाललेले नाटक अनेक कॅमेऱ्यांनी टिपतात आणि ते इथे पडद्यावर दाखवतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोगही तसेच येतात. खेळ संपला की आवारातच जेवणाची सोय आहे. जुहूला १९७८ पासून चालू असलेल्या पृथ्वी थिएटरला नाटकाइतकेच लोक त्याच्या कॅफेसाठी जातात. सिनेमा, पडद्यावरचे नाटक आणि जेवण, तिन्ही एका छताखाली.

अशा ठिकाणांबद्दल बोलणे निघाले की एक वाक्य हमखास ऐकू येते: "इथे कोण जात विचारतो? तिकीट काढा, आत या." आमचे काही मित्रही असेच म्हणतात आणि त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. दारावरचा माणूस खरोखरच जात विचारत नाही. पण तो विचारत नाही याचे श्रेय कलेच्या उदारपणाला द्यायचे की आणखी कशाला, हे पाहण्यासाठी इतिहासात जावे लागते, आणि हा इतिहास कलासमीक्षकांच्या पुस्तकांत सापडत नाही. तो सापडतो भारतीय संविधानाच्या कलम १५, खंड (२) मध्ये.

हा खंड काढून वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकावर कसलीही आडकाठी येणार नाही, असे सांगताना संविधान जागांची नावे घेते. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे. त्याच्या पुढच्या उपखंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते येतात. विहीर आणि तलाव का आले ते आपल्याला कोणी सांगायला नको, महाड आपल्या रक्तात आहे. पण करमणुकीची ठिकाणे का? ज्या समाजाला प्यायला पाणी मिळत नव्हते, त्याच्यासाठी लढणाऱ्या माणसाला थिएटरचे दार इतके महत्त्वाचे का वाटावे? आणि थिएटर व उपाहारगृह एकाच ओळीत का?

याचे एक उत्तर न्यूयॉर्कला आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्याच शहरात, ते तिथे पोहोचण्याच्या ३४ वर्षे आधी, म्हणजे १८७९ साली, ग्रँड ऑपेरा हाउस नावाच्या नाट्यगृहाच्या दारात एका काळ्या माणसाला तिकीट असूनही अडवले गेले. असे करणे तेव्हा कायद्याने गुन्हा होता. गुलामगिरी संपल्यानंतर अमेरिकेच्या संसदेने १ मार्च १८७५ रोजी कायदा केला होता की खानावळी, प्रवासाची वाहने, थिएटरे आणि करमणुकीची इतर ठिकाणे यांत वर्णावरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही. ऑपेरा हाउसच्या दारवानावर खटला भरला गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका थिएटरात चांगल्या वर्गाची खुर्ची नाकारल्याचा खटला होता. कॅन्सासमधल्या एका हॉटेलात जेवण नाकारल्याचा होता. असे पाच खटले एकत्र करून १८८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि कायद्याचा हा भागच रद्द केला. नऊपैकी एकटे न्यायमूर्ती हार्लन विरोधात गेले. बहुमताचे म्हणणे असे की समतेचे बंधन सरकारवर आहे. थिएटरचा मालक सरकार नव्हे, त्याने कोणाला आत घ्यावे हा त्याचा प्रश्न.

पुढची ८१ वर्षे, १९६४ चा नागरी हक्क कायदा येईपर्यंत, अमेरिकेच्या मोठ्या भागात काळ्या प्रेक्षकाने सिनेमा पाहायचा तो वरच्या वेगळ्या गॅलरीत बसून, वेगळ्या जिन्याने चढून. आणि मध्यंतरात खालच्या उपाहारगृहात त्याला जागा नाही.

आता १९३० सालाकडे या. गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना सादर केली, तिच्यात समान नागरिकत्वाचे कलम लिहिताना त्यांनी अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या याच कायद्यांचा आधार घेतला आणि तसा उल्लेखही केला. न्यायालयाने मारून टाकलेला कायदा बाबासाहेबांनी लंडनच्या टेबलावर पुन्हा जिवंत करून ठेवला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात तीच यादी पुन्हा आहे: खानावळी, शाळा, रस्ते, तळी, विहिरी, वाहने, थिएटरे. आणि संविधानाच्या मसुद्यात ती येते तेव्हा तिच्यात एक फार मोठा फरक झालेला असतो. कलम १५ चा खंड (१) राज्याला बांधतो. खंड (२) केवळ राज्याला बांधत नाही. खासगी हॉटेलवाला, खासगी थिएटरवाला, सगळे त्याच्या कक्षेत येतात. १८८३ च्या न्यायाधीशांनी जी पळवाट ठेवली होती, ती बाबासाहेबांनी मूळ संविधानातच बुजवली. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा 'दुकान' या शब्दात काय काय येते असे विचारले गेले. त्यावर बाबासाहेबांचे उत्तर होते की हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा, पैसे घेऊन सेवा देणारा कोणीही त्यात येतो.

१९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, जो पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, तो तर आणखी खोलात गेला. त्याच्या कलम ४ मध्ये करमणुकीच्या ठिकाणी प्रवेशाचा हक्क आहेच, शिवाय सार्वजनिक उपाहारगृहातील भांडी वापरण्याचा हक्क वेगळा नमूद आहे. भांडी! ज्याने गावच्या चहाच्या टपरीवर वळचणीला खोचून ठेवलेली वेगळी कपबशी पाहिली आहे, त्यालाच कायद्यात हा शब्द का घालावा लागतो ते कळेल. दारातून आत घेऊन वेगळा कप हातात देता येतो. म्हणून दार वेगळे लिहावे लागले आणि कप वेगळा.

मुंबईच्या बाबतीत तर ही सांगड पहिल्या दिवसापासूनची आहे. आपल्या देशात सिनेमाचा पहिला जाहीर खेळ ७ जुलै १८९६ रोजी झाला, तो एका हॉटेलात. काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल. ल्युमिए बंधूंचा माणूस सहा छोट्या फिती घेऊन आला होता, एका संध्याकाळी चार खेळ, प्रत्येकी एक रुपया. त्या काळच्या मजुराला एक रुपया म्हणजे काही दिवसांची कमाई होती. आणि वॉटसन हे मुळात युरोपियनांचे हॉटेल म्हणूनच ओळखले जायचे. म्हणजे सिनेमा आणि भोजन एका छताखाली हा जो आज नवा शोध म्हणून विकला जातो, तो इथे सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा पहिला नियम काळ्या माणसासाठी दाराबाहेर थांबा हाच होता.

आठवड्याभरात, १४ जुलैला, हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तिथे गर्दी वाढली तसे दर पाडले गेले: चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत. पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळे कक्ष जाहीर झाले. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या दरपत्रकात वर्ग आहे, स्त्री-पुरुष भेद आहे, पण जातीची ओळ नाही. चार आणे टाकणारा कोण, हे तिकीट देणाऱ्याला कळायचे साधन नाही आणि गरजही नाही. देवळाच्या गाभाऱ्याला जे कधी जमले नाही ते चार आण्याच्या बाकड्याने करून दाखवले.

समाजशास्त्र शिकताना आम्ही श्रीलंकेचे तमिळ अभ्यासक का. शिवतंबी यांचे एक निरीक्षण वाचले होते, ते आम्हाला फार मोलाचे वाटते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की सिनेमागृह ही तमिळ समाजातली पहिली कलेची जागा, जिथे सगळे एकाच छताखाली बसले. आणि बसण्याची जागा जन्माने मिळालेल्या पायरीवर ठरली नाही, ती खिशातल्या पैशावर ठरली. महाराष्ट्रालाही हे लागू पडते. गावात तमाशा असो की कीर्तन, कोण कुठे बसणार हे ठरलेले होते. आमच्या आजोबांच्या पिढीची माणसे सांगत की जत्रेतला तंबू सिनेमा ही त्यांना पाटलाच्या पोराच्या खांद्याला खांदा लागू शकणारी पहिली जागा होती, कारण आत अंधार होता. अंधारात कोण कोणाला शिवले याचा हिशेब कोण ठेवणार?

पण मध्यंतरात दिवे लागतात. दिवे लागले की लोक खायला-प्यायला उठतात, आणि जात तिथे पुन्हा हजर होते. खुर्ची पैशाने मोकळी झाली, ताट पैशाने मोकळे झाले नाही. कारण खुर्चीला विटाळाचे शास्त्र फारसे नव्हते, अन्नपाण्याला मात्र पुरते होते. महाडला १९२७ च्या मार्चमध्ये परिषदेला आलेल्या आपल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. आणि चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर सवर्णांच्या जमावाने हल्ला केला तो मंडपात जेवत असलेल्या माणसांवर, शिजलेले अन्न मातीत मिसळून. तिकिटाची खिडकी हे भांडण मिटवू शकत नव्हती.

सहभोजनाचे प्रयोग झाले नाहीत असे नाही. त्यातला एक थेट नाटकवाल्याचा आहे, म्हणून सांगायला हवा. अनंत हरी गद्रे हे नाटककार, 'निर्भीड'चे संपादक आणि मराठी जाहिरातीच्या धंद्यातले आद्य पुरुष. त्यांनी झुणका-भाकर सहभोजने घडवून आणली. माणूस प्रामाणिक होता, त्याबद्दल शंका नाही. पण त्यांनी याला जोड दिली सत्यनारायणाची. पूजेला दलित जोडपे बसवायचे, प्रसाद म्हणून झुणका-भाकर वाटायची आणि सगळ्यांनी ती एकत्र खायची. आम्हाला विचाराल तर हे म्हणजे ज्या दोरीने बांधले त्याच दोरीचा झोका करून देणे झाले. आणि बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या निबंधात बजावले होते की सहभोजनाने जातीची भावना मरत नाही, कित्येक जाती एकमेकींकडे जेवतात आणि तरी जाती शिल्लकच आहेत. मग त्यांनी उपाहारगृह संविधानात का घातले? कारण सहभोजन ही कोणीतरी घातलेली पंगत असते, आज असते उद्या नसते. उपाहारगृहात बसणे हा नागरिकाचा हक्क आहे, त्यासाठी कोणाचे आमंत्रण लागत नाही.

आता कॅमेऱ्याकडे वळू, कारण आजच्या कलाकेंद्रातली सगळ्यात नवी चीज तीच आहे. मेट्रोपॉलिटन ऑपेराने ३० डिसेंबर २००६ रोजी आपला प्रयोग चित्रपटगृहांत थेट दाखवायला सुरुवात केली. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ च्या जूनमध्ये. रंगमंचाचे चित्रीकरण ही कल्पना मात्र आपल्याकडे फार जुनी आहे. कलकत्त्यात हिरालाल सेन यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावरच क्लासिक थिएटरमधल्या नाटकांचे प्रवेश कॅमेऱ्यात घेतले होते. मुंबईत १८ मे १९१२ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' लागला. तो म्हणजे एका मराठी नाटकाचे चित्रीकरण होते. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्याच थिएटरात वर्षभराने लागला, आणि पहिल्या भारतीय चित्रपटाचा मान कोणाला यावर आजही वाद घालणारे लोक आहेत. तोरण्यांचा म्हणे सिनेमा नव्हे, ते नुसते चित्रित नाटक. असो. आमचा मुद्दा वेगळा आहे.

१९१२ मध्ये कॅमेरा रंगमंचासमोर उभा राहिला तेव्हा त्याने कोणता रंगमंच निवडला? पुंडलिक आणि हरिश्चंद्र, दोन्ही पुराण-संतकथा, दोन्ही त्या काळच्या प्रतिष्ठित नाटकांतून रुळलेल्या. त्याच मुंबईत, गिरगावापासून हाकेच्या अंतरावर, ग्रँट रोडच्या पिला हाउसला (मूळ शब्द 'प्लेहाउस', लोकांनी त्याचा पिला हाउस केला) तमाशाची थिएटरे तुडुंब भरत होती. पठ्ठे बापूराव आणि पवळा ही जोडी महाराष्ट्र गाजवत होती. बापूराव जन्माने ब्राह्मण, कुलकर्णी. पवळा संगमनेरकडची, आपल्या महार समाजातली. गिरणी कामगार, हमाल, गोदी कामगार यांच्या खिशातल्या आण्यांवर ही कला जगत होती, म्हणजे धंदा म्हणूनही ती तोट्याची नव्हती. कॅमेरा तिकडे गेला नाही.

तमाशा पडद्यावर आला तो फार उशिरा, आणि आला तेव्हा नायक म्हणून कोणाला घेऊन आला? १९४७ चा 'लोकशाहीर राम जोशी'. सोलापूरचा ब्राह्मण शाहीर. चित्रपट उत्तम होता, त्याच्यामुळे ढोलकीच्या चित्रपटांची लाट आली, हे सगळे मान्य. पण शतकानुशतके ज्या महार, मांग, कोल्हाटी समाजांनी ही कला अंगावर वागवली, त्यांच्या कलेची पडद्यावरची पहिली मोठी गोष्ट एका ब्राह्मणाच्या जातिबहिष्काराची झाली. तमाशात गेला म्हणून त्याची जात गेली, ही त्याची शोकांतिका. ज्यांची जातच तमाशा ठरवली गेली, त्यांची शोकांतिका कोणाला दिसली नाही.

आणि आंबेडकरी जलसा? १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी नाशिकपासून सुरू करून महाराष्ट्र पिंजून काढला. गण-गवळणीची मांडणी उलटी करून, गणपतीच्या जागी चळवळीचे वंदन, गवळणीच्या छेडछाडीच्या जागी सावकार, भट, शिक्षण, पाणवठा. बाबासाहेबांना जलशांचे मोल आपल्या सभांपेक्षा जास्त वाटे, असे कार्यकर्ते पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. हे सगळे आपल्यापर्यंत पोहोचते ते कर्डकांनी स्वतः 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहून ठेवले म्हणून. पुस्तकात शब्द आहेत. कर्डक रंगमंचावर कसे उभे राहत, कुठे थांबत, लोक कुठे हसत, कुठे रडत, हे पुस्तकात मावत नाही. बोलपट आलेला होता, मुंबई-पुणे-कोल्हापुरात स्टुडिओ होते, यंत्रे होती. समोर कोणाला उभे करायचे हा निर्णय होता, आणि तो निर्णय घेणाऱ्या खुर्चीपर्यंत चार आण्यांचे तिकीट पोहोचत नव्हते.

बाबासाहेबांना या माध्यमाची ताकद कळत नव्हती असे कोणी समजू नये. १९५४ च्या जानेवारीत आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले' चित्रपटाचा मुहूर्त त्यांच्या हस्ते झाला, आणि त्या चित्रपटाला त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत मराठीचे रौप्यपदक मिळाले. १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' हे नाटक त्यांच्यासमोर झाले. पुढच्या वर्षी नागपूरला, धम्मदीक्षेसाठी जमलेल्या जनसागरासमोर ते पुन्हा झाले. त्या प्रयोगाला तिकीट नव्हते, खुर्ची नव्हती, कॅन्टीन नव्हते. लोक घरून भाकरी बांधून आले होते आणि मातीत बसले होते. आमच्या मते मराठी नाटकाच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या प्रयोगांपैकी तो एक. मराठी रंगभूमीचे इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याला किती ओळी दिल्या, हे वाचकांनीच उघडून पाहावे.

सभागृहे नुसती करमणुकीची नसतात, हेही या इतिहासात आहे. परळचे दामोदर सभागृह ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचे. गिरणगावातल्या कामगार रंगभूमीचे ते घर. ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी ज्या बैठकीत बहिष्कृत हितकारिणी सभेची कल्पना मांडली, ती बैठक याच जागेत झाली. आपल्या चळवळीचा जन्म एका नाटकाच्या जागेत झाला म्हणा ना! २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पुनर्विकासासाठी हे नाट्यगृह बंद झाले आणि ते वाचवण्यासाठी कामगार रंगभूमीच्या कलावंतांना रस्त्यावर यावे लागले. जिथे गिरण्या होत्या तिथे मॉल आले, आणि मॉलमधल्या थिएटरांत दामोदरच्या दरात नाटक पाहता येत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. आमच्या विषयासाठी तर तो धडाच आहे. त्यात तीन वेगवेगळी माणसे तीन वेगवेगळ्या ठिकाणी कला 'पाहायला' जातात. बचावाचा वकील उच्चभ्रू ठिकाणी बसून पिता पिता परदेशी भाषेतले गाणे ऐकतो. सरकारी वकील बाई कुटुंबासह हॉटेलात जेवतात आणि परप्रांतीयांची टिंगल करणारे मराठी नाटक पाहून हसतात. आणि ज्याच्यावर खटला आहे तो लोकशाहीर नारायण कांबळे वस्तीतल्या उघड्या मंचावर गातो, तिथून त्याला पोलीस उचलतात. पहिल्या दोन ठिकाणी जेवणही आहे आणि करमणूकही. तिसऱ्या ठिकाणी जेवण नाही, आणि करमणूक हा तर गुन्हा आहे. नारायण कांबळेची भूमिका करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे खरेखुरे कार्यकर्ते होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने ते गेले. त्यांचा चेहरा आणि आवाज या एका चित्रपटाने जपला.

असेच विलास घोगरे यांचे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसे मेली, आणि ते सहन न होऊन काही दिवसांत या शाहिराने जीवन संपवले. घोगरे आज आपल्याला गाताना दिसतात ते आनंद पटवर्धनांनी त्यांना आधी 'हमारा शहर'मध्ये चित्रित केले होते म्हणून. पुढे 'जय भीम कॉम्रेड' बनवायला त्यांनी चौदा वर्षे दिली आणि तो चित्रपट मुंबईच्या वस्त्यांत, चाळींच्या मैदानांत, चादरीच्या पडद्यावर दाखवला. कॅमेरा बाहेरून आला, याची खंत बोलून दाखवणारे आपल्यात आहेत. खंत रास्त आहे. पण तो आलाच नसता तर घोगरेंचा आवाज आज कुठे असता?

पुन्हा दाराकडे येऊ. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहात बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्याच्या प्रश्नावर निकाल दिला. मूळ प्रकरण जम्मू-काश्मीरचे. न्यायालयाने म्हटले, चित्रपटगृह ही मालकाची खासगी मालमत्ता आहे, आत काय आणू द्यायचे ते तो ठरवू शकतो. मात्र पिण्याचे पाणी सर्वांना मोफत मिळाले पाहिजे आणि तान्ह्या मुलांचे खाणे अडवता येणार नाही. या खटल्यात जातीचा प्रश्न नव्हता, हे स्पष्ट सांगतो, नाहीतर आमच्यावर ओढूनताणून आणल्याचा आरोप होईल. मोफत पाण्याची अट तर आम्हाला मनापासून आवडली. प्रेमानंद गज्वींच्या 'घोटभर पाणी' या एकांकिकेचे नाव त्या वेळी आठवल्याशिवाय राहिले नाही. पण "मालकाची खासगी जागा" हे शब्द वाचताना १८८३ चे न्यायालयही आठवते. जागा खासगी असली तरी ती लोकांसाठी उघडली की तिच्यावर लोकांचा काही हक्क लागतो, हे बाबासाहेबांचे तत्त्व. आज भाकरीच्या डब्याला लागलेला नियम उद्या आणखी कशाला लागेल, याकडे लक्ष ठेवणे आपले काम आहे.

कारण डबा दारात राहिला की आत जे मिळते तेच खावे लागते, आणि आत काय मिळते हे ठरवणाराही कोणीतरी असतो. मुंबईत अनेक सभागृहांच्या भाडेपत्रात मांसाहार चालणार नाही अशी अट असते. आम्ही वस्तीतल्या युवकांसाठी एका सभागृहात लघुपटांचा दिवस ठरवला होता. भाडे भरले, पडदा-प्रोजेक्टर ठरले, आणि मग व्यवस्थापकाने सांगितले की जेवणात अंडे सुद्धा चालणार नाही, "इथले वातावरण पवित्र आहे." दाखवायच्या फितींमध्ये एक सुक्या मासळीच्या बाजारावरची होती. ती पडद्यावर चालणार होती, ताटात नाही! आम्ही मुलांना समोरच्या फुटपाथवरच्या गाडीवर अंडा-पाव खायला घातला आणि परत आत आणून बसवले. कलम १५(२) ची अक्षरशः पायमल्ली झाली का? नाही. कोणाला जात विचारली का? तेही नाही.

म्हणूनच नुसत्या दारावर समाधान मानणाऱ्या मित्रांशी आमचे पटत नाही. कलाकेंद्रांवर बहिष्कार घाला असे आम्ही म्हणत नाही. उलट लंडनचे नाटक पडद्यावर येत असेल तर आपल्या मुलांनी ते जरूर पाहावे, आणि जेवणाच्या टेबलाशी निवांत बसून त्यावर वादही घालावा. बाबासाहेबांनी ते टेबल संविधानात लिहून दिले आहे. पण हजारो मैलांवरचा प्रयोग इतक्या निगुतीने टिपून आपल्या शहरात आणता येतो, तर मराठवाड्यात, विदर्भात, नाशकात, सत्तरी-ऐंशी ओलांडलेले जे जलसाकार, भीमगीतांचे गायक, तमाशातल्या बायका अजून हयात आहेत, त्यांचा एक अख्खा प्रयोग, गणापासून भैरवीपर्यंत, चांगल्या चार कॅमेऱ्यांनी आणि चांगल्या ध्वनीने टिपायला काय लागते? मोबाइलवर उतरवलेले तुकडे पुष्कळ आहेत, भोंग्याच्या आवाजात शब्द न कळणारे. ते आपण जयंतीला एकमेकांना पाठवतो आणि पुढच्या जयंतीपर्यंत विसरतो.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर पौर्णिमेला पडदा लावून सिनेमा किंवा नाटकाचे चित्रीकरण दाखवतो. नंतर सगळ्यांचे एकत्र जेवण असते, ज्याने त्याने घरून आणलेले. गेल्या पावसाळ्यात एका ऐंशीच्या घरातल्या शाहिरांना बोलावले होते. त्यांनी तरुणपणी जलशात काम केलेले. सव्वा तास उभे राहून त्यांनी सगळ्या भूमिका एकट्याने करून दाखवल्या, सावकाराची, भटजीची, शाळेत जाणाऱ्या पोराचीही. भाड्याचा एक कॅमेरा होता, तो अर्ध्या वाटेत बॅटरी संपून बंद पडला. या पौर्णिमेला ते पुन्हा येणार आहेत. कॅमेरे तीन ठरले आहेत, ध्वनिमुद्रणाचे यंत्र एका विद्यार्थिनीने मिळवले आहे, आणि जेवणात काय करायचे यावर महिला मंडळात अजून वाद चालू आहे.